पेशी भरमसाठ, पू औषधालाही नाही

संपादक साहेब,

तुमच्या आरोग्य पुरवणीत परत एकदा इम्युनिटी वाढवायचे उपाय वाचले आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. पांढऱ्या पेशी वाढल्या की काम झालं असा जो सूर असतो ना, तो अर्धवट आहे, कारण पेशी कितीही असल्या तरी रक्त त्यांना सपाट्याने वाहून नेत असतं, जखमेपाशी त्यांना थांबता तर आलं पाहिजे.

थांबवतात ती चिकटणारी प्रोटीन्स. जंतू शिरले की तिथल्या बारीक रक्तवाहिनीचं आतलं अस्तर पी-सिलेक्टिन काही मिनिटांत वर आणतं, ते आधीच पुड्या बांधून ठेवलेलं असतं, ई-सिलेक्टिन मात्र नव्याने बनवायचं म्हणून काही तास जातात. वाहती पेशी त्याला अडकते, सुटते, परत अडकते, मायक्रोस्कोपचा व्हिडिओ बघा, गोटी भिंतीला घासत गडगडत चाललीय असंच वाटतं. मग केमोकाइनचा (पेशींना बोलावणाऱ्या रसायनाचा) सिग्नल मिळाला की पेशीवरचं एरवी दुमडून बसलेलं इंटिग्रिन नावाचं प्रोटीन ताठ होतं, भिंतीवरच्या आयकॅम-१ या प्रोटीनला घट्ट धरतं, पेशी थांबते, चपटी होते आणि फटीतून बाहेर पडते.

हे इंटिग्रिनच नसेल तर? सीडी-१८ हा त्याचा भाग जन्मतःच नसलेली बाळं असतात (फार दुर्मिळ आजार आहे), त्यांची नाळ आठवडेच्या आठवडे पडत नाही, इन्फेक्शन सारखं चालू, आणि रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी भरमसाठ पण जखमेत पू औषधालाही नाही! आता सांगा, यांना काय वाढवून देणार?

आणि उलटंही असतंच की. संधिवातात सांध्यातल्या रक्तवाहिन्यांवर ही प्रोटीन्स वर येऊनच राहतात, पेशी येतच राहतात, सूज हटत नाही. म्हणून चिकटणंच अडवणारी औषधं निघाली. नॅटालिझुमॅब २००४मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससाठी (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या सुजेचा आजार) आलं, २००५मध्ये मागे घेतलं, कारण मेंदूतला पहारा कमी झाला आणि काही पेशंटमध्ये एरवी अंगात गुपचूप पडून असणाऱ्या जेसी व्हायरसने डोकं वर काढलं, २००६मध्ये कडक अटींवर परत आलं. नंतरचं वेडोलिझुमॅब, २०१४चं, आतड्याच्या सुजेवरचं, मुख्यतः आतड्याकडे जाणाऱ्या पेशींनाच अडवतं. मला तरी हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘इम्युनिटी वाढवा’ असं हेडिंग टाकताना सूज आधीच जास्त असलेले वाचकही पेपर वाचतात एवढं बघा.

– रक्ततपासणीच्या लॅबमधली एक वाचक