अयामेची शिकवण भक्तीची नव्हे, धंद्याची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारातील स्त्रीभूमिकांवर लेख आला. हा विषय मराठीत फारसा कुणी हाताळत नाही, म्हणून त्याचे स्वागतच आहे. मात्र स्त्रीभूमिका करणाऱ्या पहिल्या योशिझावा अयामे या नटाला (१६७३–१७२९) ‘जपानचे बालगंधर्व’ म्हणून लेख मोकळा होतो आणि ‘तो घरीदारी स्त्री म्हणूनच जगला’ एवढ्यावर त्याची सारी कारकीर्द आटोपतो. त्या जगण्यामागे साधना, तपश्चर्या असले काहीतरी होते असाही सूर लेखात आहे. अयामेचे म्हणणे त्याहून बरेच रोखठोक होते.

आधी तुलनेविषयी. आपला संगीत नट स्वतः गातो आणि प्रेक्षक त्या गाण्यासाठी येतो. काबुकीत गाण्यासाठी वेगळे गायक आणि वादक बसतात, नटाने गावे अशी अपेक्षाच नसते. त्यामुळे अयामेच्या हाती गळा हे साधन नव्हते. नृत्य हेही त्याचे बलस्थान नव्हते. उरले ते बोलणे, बसणे-उठणे, समोरच्या नटाचे ऐकून घेणे. एवढ्या भांडवलावर तो क्योतो, ओसाका आणि एदो (आजचे टोकियो) या तिन्ही शहरांतला अव्वल नट गणला गेला.

पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचे कारणही दोन्हीकडे सारखे नाही. जपानमध्ये १६२९ साली सरकारी हुकमाने स्त्रियांना रंगमंचावरून हटवले गेले. त्यांची जागा कोवळ्या मुलांनी घेतली, तर १६५२ मध्ये त्यांच्यावरही बंदी आली. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली ती अटी घालून. नटांनी कपाळावरची बट उतरवून प्रौढ पुरुषासारखे डोके भादरायचे आणि नुसती नाचगाणी न करता कथानक असलेली नाटके करायची. स्त्रीभूमिका करणारे नट भादरलेला भाग कापडाने झाकू लागले. जांभळ्या रेशमाचा तो तुकडा काही जुन्या भूमिकांत आजही दिसतो. रूप असे कायद्याने कापून काढल्यावर प्रेक्षकाला धरून ठेवायला अभिनयच हवा होता. अयामे या कोंडीनंतरच्या पिढीतला आहे.

त्याचा जन्म ‘की’ नावाच्या प्रांतातला, वाढ ओसाकाच्या दोतोनबोरी या नाटकपेठेतली. लहान वयात त्याला आश्रय मिळाला तो तांबा प्रांतातील कामेयामाच्या ताचिबानाया गोरोझाएमोन या धनिकाचा. नोह या जुन्या, संथ मुखवटानाट्याचा तो जाणकार. अयामेने त्याच्याकडे नोह शिकवण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्याने साफ नकार दिला: आधी स्त्रीभूमिकांत नाव काढ, मग दुसरे शिक. नोहची ठेवण एकदा अंगात मुरली की काबुकीतली चाल ताठर होते, ही त्यातली व्यवहारी गोष्ट. पुढे अयामेने आपल्या नाट्यघराण्याला ताचिबानाया हेच नाव घेतले.

त्याचे नाव गाजले ते १६९८ साली. एदोहून आलेल्या नाकामुरा शिचिसाबुरो या नटाने क्योतोत ‘केइसेइ आसामागाताके’ हे नाटक उभे केले आणि ते १२० दिवस चालले. त्यात मिउरा या गणिकेची भूमिका अयामेची होती. पुढच्याच वर्षी, १६९९ मध्ये, ‘याकुशा कुचिजामिसेन’ हे नटांची प्रतवारी करणारे पुस्तक निघाले आणि क्योतो, एदो व ओसाका यांचे तीन वेगळे भाग हा त्याचा साचा पुढे रूढ झाला. नायक, खलनायक, तरुण स्त्री, प्रौढ स्त्री, विदूषक अशा वर्गवाऱ्या करून प्रत्येक नटाच्या नावावर श्रेणी लिहिली जाई. नटांचे करार वर्षाचे असत आणि अकराव्या महिन्यात नव्या संचाचा पहिला प्रयोग होई. म्हणजे दर वर्षी पत छापून येणार आणि दर वर्षी करार नव्याने होणार. अयामेचा उपदेश या चौकटीत ठेवून वाचायला हवा.

तो उपदेश फुकुओका यागोशिरो या नट-नाटककाराने टिपून ठेवलेल्या ‘अयामेगुसा’त आहे. पुढे १७७६ साली छापलेल्या ‘याकुशा रोंगो’ या संग्रहात तो समाविष्ट झाला. अयामे सांगतो की गणिकेची भूमिका साधली की बाकीच्या सोप्या जातात. नट मुळात पुरुष, त्यामुळे करारीपणा त्याच्यात असतोच, तो शिकावा लागत नाही. शिकावा लागतो तो मऊपणा, आणि तो सर्वांत जास्त लागतो गणिकेला. म्हणून तालमीचा मोठा वाटा तिथे खर्च करायचा. नसलेल्या गोष्टीवर आधी मेहनत घ्या, असा हा सरळ हिशेब आहे.

‘घरीही स्त्रीसारखे राहा’ याचे त्याने दिलेले कारण तर फारच नेमके आहे. रंगमंचावर आल्यावर ‘आता इथे बाईपण दाखवायचे’ असे नट जितके मनात आणतो, तितका तो पुरुषी दिसतो. आजच्या शिक्षणातही याचा पडताळा मिळतो. खांद्याची पाती मागे ओढून खाली दाबायची म्हणजे खांदे उतरते दिसतात, गुडघे जुळवून चालायचे, पावलांचे चवडे किंचित आत. लक्ष संवादाकडे गेले की आधी खांदे वर येतात, मग गुडघे सुटतात. सवयीने बसलेली ठेवण अशा वेळी टिकते, आठवून आणलेली टिकत नाही.

जेवणाचा नियमही असाच. रंगपटातही प्रियकराची भूमिका करणाऱ्या नटाकडे पाठ करून खावे, असे तो सांगतो. त्याच्यासमोर बकाबका जेवून लगेच प्रेमप्रसंग रंगवायला उभे राहिले, तर त्याच्या मनात ओढ कुठून येणार? आणि तो थंड पडला की दोघांचाही प्रवेश पडतो. बायको असल्याचा विषय कुणी काढलाच तर स्त्रीभूमिका करणाऱ्याने लाजून लाल व्हावे, असेही त्याने म्हटले आहे. अयामे स्वतः मात्र चार मुलांचा बाप, आणि चौघेही नट झाले. तेव्हा ‘तो स्त्री म्हणूनच जगला’ हे आपल्या लेखातले वाक्य जसेच्या तसे घेता येत नाही.

लेखात सुटलेली सर्वांत महत्त्वाची घटना १७२१ सालची आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर अयामेने स्त्रीभूमिका सोडल्या, योशिझावा गोंशिची हे नाव घेतले आणि पुरुषभूमिका करू लागला. जमले नाही, आणि त्याला स्त्रीभूमिकांकडे परतावे लागले. ‘अयामेगुसा’त याच माणसाचे सांगणे असे की, हे नाही चालले तर नायकाच्या भूमिका करू, असा विचार स्त्रीभूमिका करणाऱ्याच्या मनात आला की त्याची कला मातीमोल झालीच म्हणायची, खऱ्या बाईला कंटाळा आला म्हणून पुरुष होता येते काय? अर्धे आयुष्य घोटलेली ठेवण उतरवता येत नाही, याचा पुरावा त्याच्याच कारकिर्दीने दिला. त्याचे शिस्तीविषयीचे म्हणणे खरे ठरले, पण त्याच्या गैरसोयीच्या बाजूने.

नृत्याबद्दल त्याचे मत कडक होते: नृत्य हे नाटकाचे फूल, अभिनय हे फळ. नृत्यासाठी गाजलेल्या समकालीन मिझुकी तात्सुनोसुकेकडे नुसते फूलच आहे, असा टोलाही त्याने हाणला आहे. गंमत म्हणजे अयामेचा तिसरा मुलगा, पहिला नाकामुरा तोमिजुरो, नृत्यासाठीच अजरामर झाला. १७५३ साली एदोच्या नाकामुरा नाट्यगृहात त्याने केलेले ‘मुसुमे दोजोजी’ हे नृत्य आजही स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाची कसोटी मानतात.

आता लेखासोबतच्या सजावटीतल्या दोन दुरुस्त्या. अयामेच्या नावाखाली छापलेले बहुरंगी चित्र त्याच्या हयातीतले असूच शकत नाही. अनेक ठशांनी पूर्ण रंगात छापलेली चित्रे १७६५ पासूनची. त्याच्या काळात काळ्या रेषांचा एक ठसा छापून रंग हाताने भरत. दुसरे म्हणजे, चौकटीत त्याला ‘फिरत्या रंगमंचाचा बादशहा’ म्हटले आहे. काबुकीतला मोठा फिरता रंगमंच नाटककार नामिकी शोझोने ओसाकात १७५८ साली आणला, म्हणजे अयामेच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी. चित्र बदलणे आता शक्य नसले, तरी पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नाट्यअभ्यासक