दुसऱ्या ऑपरेशनआधी आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न.

ऑपरेशन ठरलं. दिवाळी उरकली आणि भात झोडून घरात आलं की लगेच. फोनवर सांगायला गेले की आई रडते, बाबा "बघू, बघू" म्हणत फोन आत्याकडे देतात आणि आत्या ओव्याचं पाणी सुचवते. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

हे ऑपरेशन पहिल्यासारखं वजनासाठी नाही, जळजळीसाठी आहे. वाडीत कुणी विचारलंच, "परत वाढली वाटतं?", तर सरळ नाही म्हणून सांगा. थोडं वाढलंय, पण तेवढ्यासाठी मी पुन्हा टेबलावर झोपले नसते. शुगर अजून ताब्यात आहे, झोपेत श्वास अडकायचा तो थांबला, आचऱ्याच्या बाजारातून घरापर्यंत मी न बसता चालत येते. पहिल्या ऑपरेशनने जे द्यायचं ते दिलं. "तेव्हाच सांगत होतो" हे बाबा अजून बोललेले नाहीत, त्यांचे आभार. आई बोलून मोकळी झाली.

मग बिघडलं काय? पहिलं ऑपरेशन स्लीव्हचं होतं. त्यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढून टाकतात आणि उभी, अरुंद नळी तेवढी ठेवतात. वरचा फुगीर भाग गेला की जठराला सैलावायला जागा उरत नाही, आतला दाब वाढतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप ढिली पडली की आम्ल वर चढतं. त्यात माझ्या जठराचा थोडा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून वर छातीत सरकलाय, त्याला हायटस हर्निया म्हणतात. बाबा, उधाणाला खाडीचं पाणी व्हाळातून उलटं येऊन आपल्या खालच्या कुणग्यात शिरतं ना, तसं समजा. गोळ्यांनी त्या पाण्याचा खारटपणा कमी होतो, पाणी यायचं थांबत नाही. दोन्ही वेळा पँटोप्राझोल, जेवणाआधी अर्धा तास, सगळं घड्याळ लावून केलं. सोलकढी सोडली, बांगड्याचं तिखलं सोडलं. आवाज बसलाय तो बसलेलाच.

गणपतीत मी पडवीतल्या आरामखुर्चीत झोपत होते. उकडत असेल असं तुम्हीच धरून चाललात. उकाडा कसला, बाहेर पाऊस कोसळत होता. आडवं झालं की तासाभरात घशाशी कडू-आंबट पाणी येतं, ठसका लागतो, नाकातून जळत बाहेर पडतं, आणि मग उठून बसल्याशिवाय श्वास पुरा होत नाही. आई, उशीच्या अभ्र्यावरचा पिवळा डाग बघून तू विचारलं होतंस, चहा सांडलास का. तो चहा नव्हता. इथे ठाण्याला पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्यात, त्यावर निजून रोज रात्री मी पायथ्याकडे घसरते.

एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला व्रण दिसले, ग्रेड सी. ही मोजणी ए पासून डी पर्यंत असते. तुकडा काढून तपासला, त्यात बॅरेट नाही. वर्षानुवर्षं आम्ल लागून अन्ननलिकेचं अस्तरच बदलतं त्याला बॅरेट म्हणतात, आणि त्यातल्या थोड्या लोकांत पुढे कॅन्सर होऊ शकतो. आज नाही म्हणून पुढेही होणार नाही असं नाही, आणि मला ती वाट बघायची नाही. नाकातून बारीक तार सोडून 24 तास आम्लाची नोंद घेतली, बेरियम पाजून एक्स-रे काढले. हे सगळं झाल्यावरच डॉक्टर मॅडम ऑपरेशनचं बोलल्या.

बाबा, तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं: जळजळीचं साधं ऑपरेशन असतं, ते का नाही? त्यात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. माझा तोच भाग स्लीव्हमध्ये गेला. गुंडाळणार काय? म्हणून बायपास, पूर्ण नाव रू-एन-वाय. नळीच्या वरच्या टोकाची साधारण 30 मिलीची छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून तिला आणून जोडतात. जठराचा उरलेला भाग आत राहतो, त्याचं आम्ल आणि पित्त दूर खाली जाऊन आतड्याला मिळतं, वर चढायला वाटच राहत नाही. हर्नियाही त्याच वेळी शिवतील. सगळं दुर्बिणीने. बहुतेकांची जळजळ यानं खूप कमी होते, शंभरातल्या शंभरांची नाही, हेही मॅडमनी तोंडावर सांगितलं. तेव्हापासून माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

धोका आहे. दुसऱ्यांदा उघडताना आत चिकटलेलं असतं, म्हणून पहिल्यापेक्षा थोडा जास्तच. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी. पुढे कधी आतडं आतल्या आत अडकणं, पित्ताचे खडे. जोडणीपाशी व्रण होऊ शकतो, म्हणून बाबा, कोनाड्यातल्या तुमच्या डब्यातलं डायक्लोफेनॅक आणि कॉम्बिफ्लाम मला यापुढे कधीच द्यायचं नाही, डोकं कितीही दुखो. पॅरासिटामॉल चालेल. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं, वेळोवेळी रक्त तपासायचं. गोड एकदम खाल्लं तर ते थेट आतड्यात उतरून घाम फुटतो, छाती धडधडते. हापूस सुटला का? सुटला नाही. एखादी फोड, जेवणाबरोबर. आमरसाच्या वाट्या तुम्ही दोघं संपवा.

पैशांची काळजी करू नका. विमा कंपनीने आधी वजन बघून कपाळाला आठ्या घातल्या, कारण वजनाच्या ऑपरेशनला बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याची अट असते आणि मी आता त्यात बसत नाही. एंडोस्कोपीचे कागद लावून जळजळीचा उपचार म्हणून फाइल पाठवल्यावर मंजुरी आली.

आई, तुला रामेश्वराकडे कौल लावायचाय तर लाव. गाव सोडून वेशीबाहेर राहायच्या गावपळणीला घेतात, मग माझ्या पोटाला का नको! पण डावा आला तर मॅडमना फोन करायचा नाही.

तू मात्र ये. मला पाणी पचायला लागलं की आधी पातळच चालेल, तेव्हा उकड्या तांदळाची पेज गाळून. पेजेत प्रथिनं फारशी नसतात, म्हणून इथे पावडर देतील. तिला नाक मुरडायचं नाही. पुढे मऊ खायला लागले की कुळथाची पिठी, मग मुडदुशी, तिखटाशिवाय. बाळंतिणीला देतेस तशीच. "चार घास जास्त घे गो" हे एवढं बोलायचं नाही, तीस मिलीच्या पिशवीत चार घास मावत नाहीत. तुतारी एक्सप्रेसचं तिकीट कणकवलीहून काढते, खालचा बर्थ मिळेल असं बघते. तांदूळ दोन किलोच आण, गोणी नको.

बाबा गुरांसाठी घरी थांबणार हे मला ठाऊक आहे, त्यावर वाद नको. ऑपरेशनआधी एकदा मॅडमना भेटायचंय. तुम्हाला जे जे विचारायचंय ते कागदावर लिहून आईबरोबर पाठवा, कितीही प्रश्न असू देत. मी त्यांना एकेक वाचून दाखवेन आणि उत्तरं त्याच कागदावर लिहून आणेन.

तुमची,
बाय