गोळीचा भाव आणि कांद्याचा भाव

लेस्टर,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पा आणि सौ. आईस,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर कांद्याच्या भावाचं निघालं तेव्हा तुम्ही "तिकडं बसून तुला काय कळतंय इथलं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. आईने लगेच हवापाण्यावर नेलं. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही मला मधेच तोडता. पत्र तोडता येत नाही. दादा वाचून दाखवेल.

इथे औषधांच्या दुकानात मी दिवसभर खोकी फोडते. परवा मेटफॉर्मिनचं, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांचं, फोडलं. ५०० मिलिग्रॅमची, तुम्ही घेता तीच. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं: गोव्याच्या कारखान्यात तयार. मधुमेहाची औषधं चालू असलेल्या माणसाला इथे ती फुकट मिळते. बाकीचे एका औषधामागे ९ पौंड ९० पेन्स भरतात, साठीच्या वरच्यांना तेही नाही. आणि तुम्ही, गोव्याच्या शेजारच्या राज्यात राहून, दर महिन्याला मेडिकलवाल्याला रोख मोजता. (इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनोन् महिने ताटकळलेली माणसं रोज काउंटरवर माझ्यापाशी कण्हत असतात.)

आता मला म्हणायचंय ते. गोळी बनवणाऱ्यासाठी आपल्याकडे २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश आहे. अत्यावश्यक यादीतल्या औषधांना त्यात कमाल भाव ठरवून दिलेला असतो, आणि घाऊक महागाई वाढली की दर एप्रिलला तेवढा भाव वाढवायची मुभा असते. एप्रिल २०२३ मध्ये ही वाढ १२ टक्क्यांच्या वर गेली. मला त्यात गैर वाटत नाही. कच्चा माल महागला तर कारखानदाराने कुठून भरायचं? पुढच्या वर्षी महागाई थंडावली तशी वाढही जवळजवळ शून्यावर आली.

त्याच २०२३ मध्ये तुमचं काय झालं ते आठवा. खतं, मजुरी, डिझेल, सगळंच चढलेलं. कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळी कांद्याला ऑगस्टमध्ये कुठे बरे पैसे दिसायला लागले, तर १९ तारखेला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर निर्यातभावाची अट. आणि ८ डिसेंबरपासून सरळ बंदी. निर्यात पाहणारं वाणिज्य खातं आणि शहरातल्या गिऱ्हाइकाची काळजी वाहणारं ग्राहक व्यवहार खातं तेव्हा एकाच मंत्र्याकडे होतं, पीयूष गोयल यांच्याकडे. मग शेतकऱ्याच्या बाजूने त्या टेबलावर बोलणार कोण? दादाने तेव्हा ट्रॅक्टरचा फोटो पाठवला होता, लिलाव बंद, गोण्या तशाच. उन्हाळी असता तर चाळीत टाकला असता. तो खरिपातला लाल होता, त्याला आठवडा काढणं मुश्किल. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "बघू." ते 'बघू' मला अजून आठवतं.

बंदी उठायला ४ मे २०२४ उजाडला, तेही ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरतं गेलं ते यंदाच्या १ एप्रिलला. भाव वाढला की दार एका रात्रीत बंद होतं. पडला की उघडायला मात्र सगळ्या बैठका व्हाव्या लागतात.

तुम्ही विचारलंत, भारत-ब्रिटनचा नवा व्यापार करार झाला तर इंग्लंडला कांदा जाईल का. २४ जुलैला सह्या झाल्यात. पण आप्पा, आपला कांदा मुख्यतः बांगलादेश, मलेशिया, दुबईकडे जातो. आणि शुल्क शून्य झालं तरी ज्याला पुढच्या महिन्यात माल येईल की नाही याची खात्री नाही, तो आपल्याशी कशाला बांधून घेईल? बंदीच्या काळात इथल्या देशी दुकानातला माणूस मला सरळ म्हणाला, "तुमचा येतो तेव्हा येतो." मला उत्तर सुचलं नाही. मी कोथिंबीर घेऊन निघाले.

आणखी एक हिशेब. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या महागाईच्या मोजमापात घरखर्चातला कांद्याचा वाटा ०.६४ टक्के आणि आरोग्याचा ५.८९. शहरातल्या घराचा खिसा कशाने जास्त फाटतो ते उघड आहे. तरी धावाधाव होते ती कांद्यासाठी. दवाखान्यावर केंद्र आणि राज्यं मिळून देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के खर्च २०२५ पर्यंत करणार, असं २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलंय. कोविडच्या वर्षात, २०२१-२२ ला, तो १.८४ होता. आरोग्याच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६३ वरून ३९ टक्क्यांवर आला, हे खरं आणि चांगलंच. पण तो ३९ म्हणजे बराचसा तुमच्यासारख्यांच्या गोळ्यांचा. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ॲडमिट झाल्यावर. साखर वाढून पाय काढायची वेळ आली तर योजना येईल. पाय राहावा म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या तुमच्या तुम्ही बघा.

दिंडोरीत २०२४ ला कांद्याने खासदार पाडला, याचा तुम्हाला केवढा आनंद. पडलेल्या भारती पवार केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या हे तरी कुणाच्या ध्यानात होतं का? प्रचाराला आल्यावर आपल्या गल्लीत त्यांना औषधांचं कुणी विचारलं? तुम्ही विचारलंत?

असो. रागावू नका. खाली कामाचं लिहिते. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय आणि बहुतेक औषधांवरचा १२ चा ५ झालाय. दादाने तुमच्या पॉलिसीचा नवा हप्ता तपासावा आणि मेडिकलचं बिल मागून घ्यावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन मोफत मिळते, तिकडे एकदा नाव घालून या. शिल्लक नाही म्हणाले तर मला तारीख कळवा. सध्या घेताय त्या पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटोही पाठवा, ब्रँडचं नाव नको, आतलं औषध कोणतं ते मला बघायचंय.

आईचा गुडघा कसा आहे ते ती सांगत नाही, तुम्ही सांगा. आणि यंदा उन्हाळीचं रोप किती टाकलंय?

तुमची,
ताई