सहप्रवाशांचा संकोच आणि मदतीचे चित्रण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवासात आता कोणी कोणाला विचारत नाही, शेजारचा कोसळला तरी माणसे मोबाइलमधून मान वर काढत नाहीत, अशा आशयाचा मजकूर वर्तमानपत्रांत वारंवार वाचायला मिळतो. त्यात वर्णन केलेले प्रसंग खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. पण बस-रेल्वेने बराच प्रवास करणारी, आणि खिडकीबाहेरच्या देखाव्यापेक्षा डब्यातल्या माणसांकडे पाहण्याची (थोडी भोचकच) सवय असलेली वाचक म्हणून त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मला पटत नाही. माणसांचे मन कोरडे झालेले नसते. बहुतेक वेळा त्यांचा संकोच आडवा येतो.

रात्रीच्या एका गाडीत समोरच्या बर्थवरचे वृद्ध गृहस्थ, आपले स्टेशन पहाटे येते आणि डोळा लागला तर पंचाईत होईल, असे शेजारच्या तरुणाजवळ सहज बोलून गेले. तो नुसता ‘हं’ म्हणाला आणि कानात इअरफोन घालून आडवा झाला. पहाटे गजर वाजला तो त्या तरुणाच्या मोबाइलचा, आणि त्याला स्वतःला तर तिथे उतरायचेही नव्हते. त्याने आजोबांना हलकेच उठवले, बर्थखाली आत गेलेली चप्पल पायाने पुढे ओढली, बॅग दारापर्यंत नेली आणि गाडी थांबून ते खाली उतरेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग परत येऊन झोपी गेला. खिडकीशी मुसमुसणाऱ्या एका मुलीला शेजारच्या बाईंनी काहीही न विचारता पाण्याची बाटली दिली, तीही झाकण सैल करून, हेही मी पाहिले आहे. अशा गोष्टींची बातमी होत नाही, आणि व्हावी असेही मला वाटत नाही.

मात्र हे केवळ माझ्या नशिबी आलेले चांगले सहप्रवासी नव्हेत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत केलेला एक प्रयोग 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांपैकीच एक जण धावत्या डब्यात मुद्दाम कोसळत असे. त्याच्या हातात काठी असताना 65 पैकी 62 वेळा प्रवासी आपणहून मदतीला आले. दारूचा वास आणि हातात बाटली असताना मात्र 38 पैकी 19 वेळाच. म्हणजे आपण मदत करतो, पण आधी माणूस पारखून घेतो, हेही मान्य केले पाहिजे. शिकागोच्या प्रवाशांवरील 2014 च्या अभ्यासात, अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास कमी आनंदाचा होईल असा लोकांचा अंदाज होता. ज्यांना प्रत्यक्ष बोलायला सांगितले, त्यांचा प्रवास उलट अधिक आनंदाचा झाला. समोरच्याला आवडणार नाही, आपण आगाऊ ठरू, या धास्तीने आपण गप्प बसतो आणि समोरचाही त्याच धास्तीने गप्प असतो. एकदा कोणीतरी उठले, की मागून तीन-चार हात सहज पुढे येतात, हे गर्दीच्या डब्यात कोणालाही पाहता येईल.

म्हणूनच अशा मदतीच्या चित्रफिती काढून त्या सर्वत्र पसरवण्याचा जो प्रकार वाढला आहे, तो मला खटकतो. चांगुलपणाचा प्रसार हा त्यामागचा हेतू प्रामाणिक असेलही. परंतु ज्याला चक्कर आली, ज्याचे पाकीट हरवले किंवा जिला रडू आवरले नाही, त्या व्यक्तीला आपली ती अवस्था हजारो लोकांनी पाहावी अशी इच्छा होती का, हे कोणी विचारत नाही. शिवाय आपले चित्रण होईल या विचाराने मुळातच बिचकणारा माणूस जागेवरून उठण्याआधी आणखी एकदा थबकणार. जो कॅमेरा धरून उभा असतो, त्याचेही दोन्ही हात त्या वेळी मोकळे नसतातच.

आपल्या वर्तमानपत्रातही समाजमाध्यमांवरून घेतलेली अशी छायाचित्रे अधूनमधून प्रसिद्ध होतात. प्रसंग जरूर छापावा. मात्र मदत घेणाऱ्याचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय छापू नये आणि संमती मिळवणे शक्य नसेल तर केवळ मजकूर द्यावा, एवढी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक