सिग्नलवर काच वर करण्याआधी

प्रिय मेघा,

सप्रेम नमस्कार. सिग्नलला भीक मागणाऱ्या कुणी गाडीच्या काचेवर टकटक केली की काय करायचं, असं तू विचारलंस आणि वर ‘तू रोज लोकलने फिरतेस, तुला सवय असेल’ अशी पुस्तीही जोडलीस. सवय होते गं, पण ती न बघण्याची. मला तीच नकोय.

पैसे द्यायचे की नाही हे मी समोरचा माणूस बघून ठरवते, उत्तर मात्र प्रत्येकाला देते. ‘आज नाही हो मावशी’ म्हणायला काय लागतं? मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलं की उलट जास्त वेळ उभे राहतात, हा माझा अनुभव. थकलेल्या आजी-आजोबांना दहा-वीस रुपये देते आणि त्याचा हिशोब मागत नाही. आपला विकास म्हणतो तशी त्यांनी तंबाखू घेतली, तर घेतली. आपल्या पगाराचा हिशोब कोण मागतं?

लहान मुलांच्या हातावर मात्र रोख ठेवत नाही. पोर चार पैसे आणू लागलं की त्याला शाळेत कोण धाडणार? बिस्किटांचा पुडा देते, तोही फोडून. न फोडलेला परत दुकानात जातो म्हणतात. एकटं, बावरलेलं मूल दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर फिरव.

भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या नसतातच असं मी म्हणणार नाही. पण ‘पोलिसांत द्या’ हा विकासचा उपाय मला पटत नाही. आपल्याकडचा भीक प्रतिबंधक कायदा १९५९चा. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात डांबण्याची त्यात सोय आहे. त्यातली भीक मागण्याची व्याख्या तर ऐकच: गाणं, नाच, भविष्य सांगणं, वस्तू विकण्याचं निमित्त, सगळं त्यात येतं. म्हणजे दारी येणारा वासुदेवही गुन्हेगार, आणि पेनं विकायच्या निमित्ताने हात पसरणारा तुझ्या सिग्नलवरचा पोरगाही! हाच कायदा दिल्लीतही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८मध्ये यातल्या बऱ्याच तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण दिल्लीपुरत्याच.

तू लिहिलंस त्या जटा वाढलेल्या, स्वतःशीच बोलणाऱ्या माणसाचं वेगळं आहे. तो काही मागतही नाही ना? त्याला पैशांची नाही, औषधांची गरज असणार. डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी हे जोडपं १९८८पासून अशा माणसांवर उपचार करतंय. कर्जतला त्यांचं केंद्र आहे. बरं वाटलं की माणसाला त्याच्या गावी, घरी नेऊन पोचवतात, मग ते गाव बिहारमध्ये का असेना. वाटवानींना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे आहेत. देवळांबाहेर बसणाऱ्यांना तिथेच तपासतात, औषधं देतात आणि जमेल त्याला छोटंमोठं काम मिळवून देतात. गाडीत बसून हळहळण्यापेक्षा दर महिन्याला काही रक्कम अशा कामाला देत जा. मी तसंच करते. पण म्हणून आजींचे दहा रुपये बंद केलेले नाहीत, ते आपले चालूच.

‘सुटे नाहीत’ ही थाप मात्र यूपीआयमुळे खरी झालीय बघ. पाकिटात खरंच काही नसतं. शनिवारी येशील तेव्हा दहाच्या नोटा घेऊन ये, आमच्या नाक्यावरचा वाणी देत नाही.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
सुजाता