गुंडाळीतला निळा फोटो

पुणे,
सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी

ती. आण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आज चौथा दिवस. आण्णा फोनवर येत नाहीत आणि आई नुसतं "जेवलीस का?" विचारून फोन ठेवते. तोंडी बोलायला गेले की मी रडते आणि मुद्दा राहतो, म्हणून लिहिते आहे.

घट बसायच्या आधी माळा साफ करताना आईला माझ्या ट्रंकेत ती गुंडाळी सापडली. "ही निळी माणसं कोण गं? एकाच्याही अंगावर कापड कसं नाही?" असं तिनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पण आहे त्यात." पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

तर सगळं सांगते. मी इंग्लंडात हल नावाच्या शहरात शिकत होते तेव्हाचा तो फोटो, 9 जुलै 2016 चा. स्पेन्सर ट्यूनिक नावाचा अमेरिकन फोटोग्राफर आहे. शहरातल्या चौकांत, पुलांवर, इमारतींसमोर माणसांना उघडं उभं करून तो फोटो काढतो. मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात 2007 साली सुमारे 18,000 माणसं उभी होती. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एकेका माणसाचे असे फोटो काढायचा, तेव्हा पोलिसांनी त्याला कितीदा तरी आत टाकलं. हलला मात्र तिथल्या फेरेन्स या कलादालनानंच त्याला बोलावलं होतं, आणि ते दालन नगरपालिकेचं. आम्ही 3,200 जण होतो. जहाजांचं गाव म्हणून सगळ्यांना निळ्याच्या चार छटांत रंगायचं होतं. जिथं जमलो ती बाग पूर्वी जहाजांची गोदी होती, बुजवून बाग केलेली. तिथं परत समुद्र आणायचा, अशी कल्पना. बरी आहे की नाही? मला तरी आवडली.

पहाटे तीनला गेलो. जुलै असूनही थंडी अशी की दात वाजत होते. हातात रंगाचं भांडं दिलं आणि सांगितलं, कपडे काढा आणि लावा. माझा हात पाठीला पोचेना. शेजारी आईच्या वयाची एक बाई होती. तिच्या पोटावर आईसारखाच उभा टाका. न विचारता तिनं माझी पाठ रंगवून दिली, आपण गाईला हळद लावतो तशी, सपासप. मग मी तिची. नाव विचारायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. मग डांबरी रस्त्यावर अनवाणी उभं राहायचं, खडे टोचताहेत, लांबून भोंग्यावर "आता डावीकडे वळा". तुम्हाला काय वाटतं ते मला कळतं, पण तिथं काही म्हणजे काही चावट नव्हतं. पल्सपोलिओच्या रांगेसारखं होतं. आठवडाभर कानातून निळा रंग निघत होता.

आता मला जे सांगायचं आहे ते. आण्णा, तुमचा लंगोट आपल्या दारातल्या तारेवर वाळायचा. लाल माती धुऊनही न गेलेला. गल्लीतली माणसं तिकडं मानानं बघायची. तुम्ही कोल्हापुरात खासबागेत कुस्तीला उतरायचा तेव्हा हजारो माणसं तुमची उघडी मांडी-छाती बघायला तिकीट काढून यायची, आणि दुसऱ्या दिवशी आई ते कौतुक शेजारी सांगायची. आईचे आणि माझे आतले कपडे मात्र मागच्या दारी, टॉवेलखाली. ऊन न लागल्यानं त्यांना कुबट वास यायचा. मी तालमीच्या दारापर्यंत दुधाची किटली आणायची. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही कधी.

आणि अंगभर कपडे घालून, ओढणीला पिना लावून मी केएमटीनं कॉलेजला जायची. तुम्हाला कधी सांगितलं नाही, त्या बसमध्ये मी रोज उघडी असायची. गंगावेशीपासून उतरेपर्यंत. डोळे, कोपरं, कधी हात. पुढं दप्तर धरून उभं राहायची सवय मला अजून आहे. हलला त्या सकाळी माझ्या हातात दप्तर नव्हतं, अंगावर चिंधी नव्हती, आणि भर रस्त्यात माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा.

आई, तुला आठवतं का, शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठाच्या बाजूनं आपण येत होतो आणि समोरून दिगंबर मुनी आले, हातात मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. मी डोळे गच्च मिटले. तू म्हणालीस, "मिटतीस कशाला? पाया पड." मी स्वतःला त्यांच्या पंगतीला बसवत नाही. त्यांनी सोडलं ते कायमचं, मी काढून ठेवलं ते दोन-तीन तासांसाठी, वर फोटो काढायला. पण उघडं अंग म्हणजे पाप, असं तूही मला कधी शिकवलं नव्हतंस.

केस होईल का, म्हणून आण्णा वकीलसाहेबांकडं निघाले होते असं कळलं. नाही होत. तिथं परवानगी होती, रस्ते बंद केलेले, ज्याला बघायचं नाही तो घरात झोपलेला. हेच मी रंकाळ्यावर केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता भारतीय न्याय संहितेचं कलम 296 आहे, इतरांना उपद्रव होईल असं अश्लील कृत्य सार्वजनिक जागी केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधु सप्रे आणि मिलिंद सोमणची ती अजगर गुंडाळलेली बुटांची जाहिरात आठवते ना, 1995 ची? स्टुडिओतला फोटो, तरी खटला 2009 पर्यंत चालला. आणि खरं सांगू, परवानगी मिळाली तरी रंकाळ्यावर मी उभी राहणार नाही. पहाटे फिरायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. शिवाय इथं मला ओळखतात. सगळी गंमत ओळख नसण्याचीच होती.

ह्यांना लग्नाआधीच सांगितलं होतं, ती काळजी नको. सासूबाईंना माहीत नाही आणि तुम्हीही सांगू नका.

पंचमीला टेंबलाईला पालखी जाते तेव्हा मी येतेच आहे. तोवर फोटो फाडू नका. माझ्यासमोर फाडायचा असेल तर फाडा. आई म्हणाली, आण्णा भिंग घेऊन दुपारभर मला त्यात शोधत होते. आण्णा, सापडणार नाही. मी स्वतः कितीदा शोधलं, मलाही सापडले नाही. परत गुंडाळताना तेवढी छापील बाजू आत घ्या, रंग उडतो.

तुमची,
बायडी