ज्येष्ठांना झोपेच्या गोळीआधी चालायला जागा द्या

संपादक महोदय,

साताऱ्यात माझे औषधांचे दुकान आहे. दिवेलागणीनंतर सत्तरीपुढची मंडळी झोपेची गोळी मागायला येतात. कुणाच्या हातात जुनी, घडीवर फाटलेली चिठ्ठी, कुणाकडे नुसतीच रिकामी स्ट्रिप. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी २०१४ पासून शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दिली की वेगळ्या वहीत रुग्णाचे, डॉक्टरांचे नाव लिहावे लागते. "ताई, तुम्ही ओळखता की मला!" असे म्हणणाऱ्याला परत पाठवताना वाईट वाटते. पण आमच्याच गल्लीतले एक काका रात्री लघवीला उठले आणि गुंगीत तोल जाऊन पडले. खुबा मोडला. (ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी ती मनानेच एकदम बंद करू नये; डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.)

मी त्यांना दिवस कसा जातो ते विचारते. उत्तर बहुधा एकच. जेवून दोन तास आडवे व्हायचे, चहा, मग टीव्हीसमोर खुर्चीतच डुलक्या. अंग दमले नाही, उजेड डोळ्यांवर पडला नाही, तर रात्री झोप लागणार कशी? अमेरिकेत १९९७ साली पन्नाशी ओलांडलेल्या, बैठी सवय असलेल्या लोकांना १६ आठवडे भरभर चालण्यासारखा व्यायाम दिला, तेव्हा त्यांची झोप सुधारली. तिथल्याच २०१९ च्या अभ्यासात सरासरी बहात्तर वर्षांच्या ज्या स्त्रिया दिवसाला साधारण ४,४०० पावले चालत, त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. साडेसात हजारांपुढे फारसा फरक नव्हता. त्यामुळे रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असा धसका कुणी घेऊ नये.

पण चालायचे कुठे? फूटपाथवर दुचाकी आणि टपऱ्या. बाग सकाळी दहाला बंद होते ती थेट संध्याकाळी उघडते. गुडघे दुखणाऱ्याला मध्येच टेकायला बाक नाही. स्वच्छतागृह नाही म्हणून कितीतरी आज्या घराबाहेरच पडत नाहीत. हे त्या मला काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगतात.

नगरपालिकेने बागा दिवसभर उघड्या ठेवाव्यात, थोड्याथोड्या अंतरावर पाठ टेकता येईल असे बाक बसवावेत आणि बागेतले स्वच्छतागृह रोज धुऊन चालू ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक औषधविक्रेती, सातारा